बाटलीला पायघड्या, मॉर्फिनला बेड्या

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारला पैशाची चणचण भासली. अडला हरी कोणाचे पाय धरतो हे आपण शाळेतच शिकलो. आपलं मंत्रिमंडळ बाटलीचे धरतं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर गेलं, देशी महागली, धान्यापासून इथेच बनणाऱ्या दारूसाठी 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवाकोरा वर्ग निघाला, आणि या सगळ्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा येतील असा हिशेब मांडला गेला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला अमली पदार्थविरोधी दिन असतो. दरवर्षी त्या दिवशी प्रभातफेऱ्या निघतात, पोरांच्या हातात फलक येतात, फलकांवर कवटी आणि सिरिंज असते, साहेब शपथ देतात. बाटली असलीच तर फलकाच्या कोपऱ्यात. मध्यभागी काढली तर शपथ देणाऱ्या साहेबांचा पगार कुठल्या पैशातून निघतो हा प्रश्न एखाद्या आगाऊ पोराने विचारायचा.

मी दारूबंदीवाला नाही. मित्रांत बसलो तर दोन पेग घेतो, आणि चखण्यावर माझा हात इतरांपेक्षा जास्त चालतो. तेव्हा नीतीचं प्रवचन मला जमणार नाही. मला संताप येतो तो आपल्या भीतीच्या हिशेबाचा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कुठल्याशा कॉलेजबाहेर गांजा पकडल्याची बातमी टाकतो, खाली 'फाशी द्या यांना' अशी रांग लागते, आणि रांगेतलाच एक गृहस्थ तासाभराने चुकून त्याच ग्रुपवर लिहितो, 'काय, आज बसायचं का?' त्यावर हसरे चेहरे येतात.

ब्रिटनमध्ये डेव्हिड नट नावाचे प्राध्यापक सरकारच्या अमली पदार्थ सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. २००९ साली त्यांनी एक्स्टसीची गोळी आणि घोडेस्वारी यांच्या धोक्यांची खोडसाळ तुलना छापली. घोडा जास्त घातक निघाला. पुढे दारू आणि तंबाखू या एलएसडी किंवा गांजापेक्षा जास्त नुकसान करतात असंही ते जाहीरपणे बोलले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गृहमंत्री ॲलन जॉन्सन यांनी त्यांना घरी बसवलं. प्राध्यापक घरी बसले, गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'लॅन्सेट'मध्ये एक तक्ता छापला. वीस पदार्थ, सोळा निकष, शंभरपैकी गुण. दारूला ७२, हेरॉइनला ५५, क्रॅक कोकेनला ५४. तंबाखू २६ वर, गांजा २० वर.

हा तक्ता नाचवत 'बघा, दारू हेरॉइनपेक्षा वाईट' असं म्हणणारे शहाणेही मला भेटतात. त्यांनी तक्ता पुरता वाचलेला नसतो. त्यात दोन खाती आहेत: घेणाऱ्याचं स्वतःचं नुकसान आणि इतरांचं. पहिल्या खात्यात हेरॉइन, क्रॅक आणि मेथाम्फेटामाइन हेच वरचढ आहेत. दारू पहिली येते ती दुसऱ्या खात्यामुळे. इतरांच्या नुकसानीत दारूला ४६ गुण आहेत, हेरॉइनला २१. बायकोचं फुटलेलं डोकं, रस्त्यावर चिरडलेला माणूस, पोराची बुडालेली शाळा, हे त्या ४६ मध्ये येतं. आणि दारू पिणारे संख्येने प्रचंड, म्हणून बेरीज प्रचंड. उद्या हेरॉइन वाईन शॉपमध्ये मिळू लागलं तर तक्ता उलटायला फार वेळ लागणार नाही. तेव्हा 'कोण जास्त वाईट' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर विक्रेता.

अफूच्या घराण्याचा धोका नेमका कसा असतो ते नीट बघू, कारण बातम्यांत ते कधीच येत नाही. अफू, मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन म्हणजे आपलं गर्द, ट्रामाडोल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, ही सगळी एकाच गोत्रातली. ती वेदना बधिर करतात आणि त्याबरोबर मेंदूची श्वास घेण्याची ओढही मंद करतात. डोस जास्त झाला की माणूस झोपतो, घोरतो, श्वास विरळ होत जातो आणि थांबतो. आरडाओरडा नाही, तडफड नाही. शेजारी बसलेल्याला वाटतं, लागली बिचाऱ्याला झोप. नशा देणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांतलं अंतर शिरेतून घेतलेल्या हेरॉइनमध्ये साधारण पाच-सहा पट, दारूत दहा पटींच्या आसपास. त्यात झोपेच्या गोळ्या किंवा दारू मिसळली की हे अंतरही मिटतं. मालेगाव-धुळ्याकडे ज्या 'कुत्ता गोळी'ची चर्चा असते ती अल्प्राझोलाम, म्हणजे चिंतेवर दिली जाणारी साधी गोळी. एकटी ती क्वचितच मारते. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबरोबर किंवा क्वार्टरबरोबर पोटात गेली तर मारू शकते. पोलिसांच्या पत्रकात मात्र गोळी, गांजा, एमडी आणि गर्द एकाच टेबलावर मांडून फोटो निघतो, मागे दहा जण उभे.

आता दुसरी बाजू. गर्द बंद केलं की टर्की लागते. अंग पिळवटतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब, उलट्या, रात्र रात्र झोप नाही. माणसाला वाटतं आपण मरणार. धडधाकट माणूस सहसा मरत नाही. पक्क्या दारुड्याची दारू एकाएकी तोडली तर तो मरू शकतो. आधी हात थरथरतात, मग फिट येते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीवरून किडे चालताना दिसू लागतात, ताप चढतो, हृदय बेताल होतं. 'दोन दिवस कोंडून घाला, आपोआप सुटेल' म्हणणाऱ्या काकांना हे कोणी सांगितलेलं नसतं. दारू हा कर्करोग करणारा पदार्थ आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच पहिल्या वर्गात नोंदवलं; तोंडापासून आतड्यापर्यंत आणि स्तनापर्यंत किमान सात प्रकारचे कर्करोग तिच्या नावावर आहेत. उलट शुद्ध मॉर्फिन, मोजून घेतलं तर, यकृत सडवत नाही. जॉन्स हॉपकिन्सचे विख्यात शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड कोकेनच्या व्यसनातून मॉर्फिनच्या व्यसनात गेले आणि ते अंगावर बाळगून कित्येक वर्षं शस्त्रक्रिया करत राहिले. त्यांचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. तितकीच वर्षं रोज बाटली रिचवणारा सर्जन तुम्ही स्वतःच्या पोटावर हात ठेवू द्याल का, एवढंच विचारतो.

भारताचे आकडे काय सांगतात? एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. अफूच्या घराण्यातलं काही ना काही घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास. उपचाराची गरज पडावी इतकं दारूचं प्रकरण हाताबाहेर गेलेले ५.७ कोटी, अफूवर्गीय पदार्थांचं गेलेले ७७ लाख. ही जोडी जरा निरखून बघा. दारूवाल्यांत साधारण तिघांमागे एकाचं बिघडतं आणि अफूवाल्यांतही तसंच. मला वाटलं होतं दुसरं प्रमाण फार मोठं असेल. पण पहिली टोळी सातपट मोठी आहे, म्हणून घरं तिची जास्त मोडतात. जगभरात २०१९ साली दारूमुळे २६ लाख माणसं मेली आणि बाकी सर्व मादक द्रव्यांमुळे सुमारे ६ लाख, त्यांत बहुतेक अफूवर्गीय. तंबाखूचं तर विचारूच नका. भारतात ती वर्षाला साडेतेरा लाख माणसं नेते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि ही ओळ तुम्ही वाचेपर्यंत कोपऱ्यावरच्या टपरीत चार पुड्या गेल्याही असतील.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऐंशीच्या दशकात अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. सुरुवात झाली ती गर्दच्या धसक्याने. पण दारात उभे राहू लागले ते दारूवाले. समाजाला भीती गर्दची होती आणि आजार दारूचा. शंभर वर्षांपूर्वी, १९१९ मध्ये 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं तेव्हाही आजार हाच होता, आणि आपण त्या नाटकातून उचललं काय, तर तळीरामाचे विनोद. दारुड्या नवऱ्यापायी होरपळलेली सिंधू कोणाला आठवते?

इथपर्यंतचं सगळं मी पुस्तकांतून सांगतोय असं वाटत असेल तर माझ्या आत्येचं ऐका. आयुष्यभर मशेरी लावली, सत्तरीत जबड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा उपटला, मग तो गालातून बाहेर आला. दुखणं असं की ती उशीचा अभ्रा दातात धरून बसायची, उरलेल्या दातांत. गावच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकची सुई द्यायची, दोन तासांनी परत तेच. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी काही रुपयांना एक. मी तालुक्याच्या गावात एकेका मेडिकलची पायरी चढलो. एकाने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि मला विचारलं, "तुम्ही नक्की कोण पेशंटचे?" दुसरा म्हणाला, "भाऊ, ही भानगड आपण ठेवत नाही, एनडीपीएस लागतो." तिसऱ्याने नुसती मान हलवली आणि शटरकडे बघितलं. त्या तिसऱ्याच्या दुकानाला लागून पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं होती: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. तिथे कोणी कोणाला 'तुम्ही नक्की कोण' असं विचारत नव्हतं. गोळ्या शेवटी जिल्ह्याबाहेरून आल्या. घरी आल्यावर काका म्हणाले, "सवय लागेल तिला." कर्करोगाने जिचा गाल फुटलाय त्या बाईला सवय लागेल! हे बोलताना काकांच्या हातात काय होतं ते मी सांगत नाही, संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

मेडिकलवाल्याचा मला राग नाही. त्याला १४ नोव्हेंबर १९८५ पासून भीती घातलेली आहे. त्या दिवशी अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, म्हणजेच एनडीपीएस, लागू झाला. दहा वर्षांची किमान शिक्षा, राज्यागणिक वेगळे नियम, रुग्णालयाला एका मॉर्फिनसाठी चार-पाच वेगवेगळे परवाने, त्यातला एक मिळेपर्यंत दुसरा संपलेला. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. हे घडलं त्या देशात जो कायदेशीर अफूचा चीक काढून जगाला विकतो, ज्याचे सरकारी अफू कारखाने नीमच आणि गाझीपूरला चालू आहेत. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं डोकं आपटल्यावर २०१४ मध्ये कायदा सुधारला, मॉर्फिनसकट काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली, परवाना एकच झाला. पण कागद बदलला म्हणून मेडिकलवाल्याचं काळीज बदलत नाही, आणि एमबीबीएसच्या कित्येक पिढ्या मॉर्फिन कसं लिहायचं हे न शिकताच बाहेर पडल्या. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब केला तेव्हा भारतात वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अफूवर्गीय औषधांपैकी जेमतेम चार टक्के गरज भागत होती. उरलेले शहाण्णव टक्के अभ्रा चावतात.

राज्यघटनेचं कलम ४७ काढून वाचा. मादक पेयं आणि आरोग्याला घातक द्रव्यं यांच्या सेवनावर राज्याने बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, औषधी उपयोग वगळून, असं ते सांगतं. आपण अक्षरशः त्याच्या उलटं केलं. औषधी उपयोगाची मुंडी मुरगाळली आणि मादक पेयावर अर्थसंकल्प उभा केला. कळस पुढेच आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही जिवंत आहे, आणि त्याखाली पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो. एक दिवसाचा पाच रुपयांत, आजीवन हजार रुपयांत. हा परवाना कशासाठी? 'आरोग्य राखण्यासाठी.' म्हणजे आरोग्यासाठी दारू पाच रुपयांच्या चिटोऱ्यावर, आणि कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन म्हटलं की 'तुम्ही नक्की कोण?'

आता अमेरिका काढली जाईल हे मला माहीत आहे. 'तिकडे बघा, डॉक्टरांनी सढळ हाताने दिलं आणि काय झालं.' बघाच, पण नीट बघा. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. कंपनीची पोरं डॉक्टरांच्या दवाखान्यांत जाऊन सांगत सुटली की याचं व्यसन शंभरात एकालाही लागत नाही. असल्या दाव्यांना टेकू म्हणून वापरलं जायचं ते १९८० च्या एका वैद्यकीय नियतकालिकातलं पाच वाक्यांचं पत्र. संशोधन नाही, पत्र! आणि तेही रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांबद्दलचं. डॉक्टरांना सहली, भाषणांचे पैसे, विक्रीवर बक्षिसं. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, सुमारे ६० कोटी डॉलर भरले आणि विक्री चालू ठेवली. २०२० मध्ये पुन्हा कबूल केला. गोळ्या आवळल्यावर माणसं हेरॉइनकडे गेली, हेरॉइनमागून फेंटानिल आलं, ज्याचे दोन मिलिग्रॅमही जिवावर बेततात. २०२२ या एका वर्षात तिथे ओव्हरडोसने सुमारे १ लाख ८ हजार माणसं मेली, त्यांतली तीन चतुर्थांश अफूवर्गीय पदार्थांनी. यात मरणाऱ्या आत्यांना दिलेल्या मॉर्फिनचा दोष कुठे आहे? दोष विकण्याच्या पद्धतीचा आहे. व्यसन लावणारी वस्तू नफ्यासाठी, जाहिरात करून, धोका लपवून, जितकी खपेल तितकी विकली की काय होतं याचा तो प्रयोग होता. आणि ही पद्धत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही, आपण दारू अशीच विकतो. टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून त्याच नावाचा सोडा, त्याच नावाच्या सीडी. आयपीएलच्या एका संघाचं नावच व्हिस्कीच्या ब्रँडवरून. त्याच अमेरिकेत अतिमद्यपानाने वर्षाला सुमारे १ लाख ७८ हजार माणसं मरत होती. त्याची ब्रेकिंग न्यूज आपल्यापर्यंत आली का?

फार लांब जायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईची एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी बनवून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर पोरं ती खात होती. हे मिश्रण औषध म्हणून जगात कुठेही मान्य नाही. बातमी आल्यावर केंद्राने त्याच्या उत्पादनावर आणि निर्यातीवर बंदी घातली. कारखाना पालघर जिल्ह्यात. त्याच पालघर जिल्ह्यात कर्करोगाच्या एखाद्या आदिवासी म्हातारीला मॉर्फिनची एक पट्टी मिळवायची असेल तर तिच्या पोराने कुठे जावं, हे मला कोणीतरी सांगा. अफूचा आणि मुंबईचा व्यवहार तसा जुना आहे. माळव्याची अफू चीनला धाडून या शहरातल्या पेढ्या गब्बर झाल्या, सर जमशेटजी जीजीभॉयही त्याच व्यापारात होते. आणि त्याच शहरात गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला अफूची बाळागोळी चाटवून पाळीवर जायच्या, कारण सांभाळायला घरी कोणी नसायचं. पेढीवाल्याला 'सर' मिळालं. बाईला अडाणी म्हटलं गेलं.

हा भेद अजून तसाच आहे. पुलाखाली सापडलेल्या गर्दुल्ल्याकडे पुडी असते आणि कायद्यात त्याला वर्षापर्यंतची कैद असते. पुण्यातल्या कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा गाडी चालवणारा अल्पवयीन मुलगा आधी पबमध्ये होता, आणि पहिल्या दिवशी त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, गदारोळ झाला, सगळं झालं. पण तो पहिला दिवस विसरू नका. त्याच्या खिशात दहा ग्रॅम गर्द सापडलं असतं तर निबंध लिहायला लावला असता का? मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित गावठी पिऊन शंभरावर माणसं मेली. झोपडपट्टीतली होती, आठवडाभर बातमी टिकली.

चंद्रपुरात एप्रिल २०१५ मध्ये दारूबंदी आली, मे २०२१ मध्ये उठली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, बायका-पोरांना त्या धंद्यात ओढलं गेलं, असं कारण दिलं गेलं. कारण अगदीच खोटं नव्हे. बंदीने धंदा काळ्या हातात जातो, माल भेसळीचा होतो, गरीब आत जातो. पण हेच तर्कशास्त्र गांजाच्या पुडीला किंवा गर्दच्या व्यसन्याला लावून पाहा म्हटलं की हेच पुढारी कानावर हात ठेवतात. आणि ज्या गावच्या बायका दारूचं दुकान बंद करायला उभ्या-आडव्या बाटलीच्या मतदानाला उन्हात रांग लावतात त्यांना नियम असा की मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. आलेल्यांच्या निम्म्या नाहीत, यादीतल्या निम्म्या. गावाला गेलेली, बाळंत झालेली, मेलेली पण यादीतून न काढलेली, सगळ्या दारूच्या बाजूच्या. या नियमाने आमदार निवडायचे ठरवले तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील?

मला सरकारकडून क्रांती नको. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या किमान एका मेडिकलमध्ये मॉर्फिन, आणि ते लिहून देता येणारा एक डॉक्टर. गर्दच्या व्यसन्याला कोठडीऐवजी जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी; ती देणारी केंद्रं देशात आहेत, ती वाढवा. ओव्हरडोसवर उतारा असलेलं नॅलॉक्सोन रुग्णवाहिकेत आणि घरच्यांच्या हातात. दारू विका, पण नफेखोराच्या थाटात नको: सोड्याच्या आडून जाहिरात बंद, शाळेसमोरचं दुकान बंद, बाटलीवर कर्करोगाचं नाव ठसठशीत. आणि ते १४ हजार कोटी येणार आहेत ना? त्यातले शंभरात पाच रुपये ज्यांचं यकृत, घर आणि बायको त्या शुल्कात गेली त्यांच्या उपचाराला काढून ठेवा. विधिमंडळात हा प्रस्ताव मांडणारा आमदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या मागच्या बाकावर टाळी वाजवायला मी येईन. फक्त मांडायची वेळ दुपारची ठेवा.